मुद्देमाल क्रमांक एक

जिन्याच्या वळणावरची खुर्ची मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटं ते चार पंचवीस या वेळात नाहीशी झाली. वेळेबद्दल शंका नव्हती. खुर्ची घड्याळजींची होती आणि त्यांची दुपारची झोप बरोबर पंधरा मिनिटांची असे.

खुर्ची काही देखणी नव्हती. एक पाय डुगडुगत होता, बैठक खचली होती. घड्याळजींची बायको बाजारातून आली की तिथे टेकायची, दम खायची आणि मग वरच्या दहा पायऱ्या चढायची. तिला जाऊन आठ महिने झाले होते. घड्याळजी त्या खुर्चीवर बसत नसत, तिला हलवतही नसत. रोज सकाळी फडक्याने पुसत, एवढंच.

"कोणी नेली ते मला ठाऊक आहे," ते मुलीला म्हणाले.

"खालचे काका?"

"दुसरं कोण!"

खाली कोर्टातले निवृत्त कारकून एकटे राहत. घड्याळजींची एकोणीस घड्याळं दुपारी बारा वाजता एकदम ठोके देत आणि त्याबद्दल कारकून गेली बारा वर्षं लेखी तक्रारी करत. ताज्या तक्रारीत खुर्चीही आली होती, 'जिन्यात अडथळा' म्हणून.

"म्हणजे निव्वळ द्वेष," मुलगी म्हणाली. "बाबा, याला हेट क्राइम म्हणतात."

घड्याळजींना तो शब्द एकदम पटला. चोरी म्हटलं की छत्री नाहीतर चप्पल डोळ्यांपुढे येत होती. बायकोच्या खुर्चीला एवढासा शब्द पुरणार नव्हता. ते तडक पोलीस चौकीत गेले.

"काय चोरीला गेलं, काका?" हवालदार बाईंनी विचारलं.

"चोरी नाही. हेट क्राइम लिहा."

बाईंनी झटकन वर पाहिलं. "कोणी मारलं तुम्हाला? घरावर काही लिहिलं?"

"खुर्ची नेली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तो शब्द असा वापरायचा नाही. माणूस अमक्या धर्माचा, अमक्या जातीचा, रंगाचा, भाषेचा, एवढ्यावरून त्याला मारलं, त्याचं घर फोडलं, तर तो हेट क्राइम. मार एकाला बसतो आणि त्याच्यासारखे सगळे घाबरून घरात बसतात. आता सांगा, तुमच्यासारखे कोण?"

घड्याळजींनी विचार केला. "घड्याळजी."

"त्या गृहस्थांना सगळ्या घड्याळजींचा राग आहे?"

"तुम्हीच येऊन विचारा."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला बाई खरंच आल्या. कारकुनांच्या दारापुढे निम्मी इमारत जमली.

"मुळीच नाही," कारकून म्हणाले. "बाजारातला घड्याळवाला माझा जुना मित्र आहे. राग मला एकट्या यांचाच आहे."

"ऐकलंत काका? याला वैर म्हणतात."

"मग विधुर म्हणून केलं असेल!" घड्याळजी हटायला तयार नव्हते.

"मी अकरा वर्षं विधुर आहे," कारकून म्हणाले. "त्यात मी तुम्हाला सीनिअर आहे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "खुर्ची तुम्ही नेलीत का, एवढं सांगा."

कारकुनांनी आयुष्यभर इतरांना शपथा घेताना ऐकलं होतं. खोटं त्यांच्या तोंडून निघेना. "उत्तर द्यायचं बंधन माझ्यावर नाही," ते म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा सुतार खुर्ची खांद्यावर घेऊन हजर झाला. "साहेब, पाय नवा बसवला, बैठक पण विणून आणली. पण ही चिठ्ठी कसली बांधलीत हो? माझी बायको खुर्चीला हात लावू देईना!"

बाईंनी चिठ्ठी वाचली. गोल, सुबक अक्षर होतं. 'मुद्देमाल क्र. १. खुर्ची, एक पाय सदोष. मंगळवार, दुपारी ४.१७.' तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाच्या हातून चिठ्ठी बांधल्याशिवाय वस्तू हलतच नव्हती.

"चार सतरा," घड्याळजी पुटपुटले. "बरोबर."

"चोरी लिहा," कारकून घाईघाईने म्हणाले. "मला कबूल आहे. लबाडीने नेली. हवं तर ते हेट क्राइमसुद्धा लिहा."

"द्वेषाने नेली, मग दुरुस्त कशाला केलीत?"

कारकून पायरीकडे बघत म्हणाले, "वहिनींनी सांगितलं होतं. 'हे सगळ्या गावाची घड्याळं दुरुस्त करतात, घरच्या खुर्चीचा पाय यांच्याकडून होत नाही. तुम्हीच गुपचूप सुताराकडे न्या.' मी हो म्हटलं. मग आज-उद्या करत तारीख पडत गेली. आणि मग..."

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कोणी करायलाही लावलं नाही.

घड्याळजींनी नाक पुसलं. "बाई, तक्रार खोडा."

"खोडते. पण नोंद काय करू? चोरी नाही, नुकसान नाही, द्वेष नाही. वैर तरी आहे ना?"

"आहे!" दोघे एकदम म्हणाले.

घड्याळजींनी खुर्ची डोक्यावर घेतली आणि जिना चढू लागले. मागून मुलगी, सुतार आणि निम्मी इमारत. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. वळणावर त्यांनी खुर्ची तिच्या जागी ठेवली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्यावर बसले. डावीकडे झुकून पाहिलं, उजवीकडे झुकून पाहिलं. खुर्ची तसूभर हलली नाही.

आणि बारा वाजले. एकोणीस घड्याळांनी जिना दणाणून सोडला.

"बंद करा ती!" खालून आरोळी आली.

"लेखी द्या!" खुर्चीतून उत्तर गेलं.

कारकुनांकडे अर्ज तयारच होता. तो घेऊन ते तरातरा निघाले, पण मंगळवारची गुपचूप फेरी सोडली तर बारा वर्षांत ते जिना कधी चढले नव्हते. वळणापर्यंत येता येता त्यांना धाप लागली.

घड्याळजी उठले आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

"अर्ज देतो," कारकून बसत म्हणाले.

"घाई नाही," घड्याळजी म्हणाले. "आधी दम खा. वरती अजून दहा पायऱ्या आहेत."