बाबुरावांची सहा महिन्यांची गॅरंटी

दर रविवारी सकाळी बाबुराव शेडगे नवी मोटार घेऊन कामशेतहून निघत, खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला जात, तिथे मोटार वळवत आणि लगेच घाट चढून परत येत. खोपोलीत त्यांचं कुणी नव्हतं. तिथे ते चहासुद्धा घेत नसत.

मोटार मात्र भरलेली लागे. "रिकामी गाडी कुणाचंबी इंजिन वढतं," असं म्हणून ते गावातली वजनदार माणसं निवडून बसवत. मी किडकिडीत असूनही माझी जागा ठरलेली होती, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि गॅरंटीचं पुस्तक इंग्रजीत होतं.

बाबुरावांची भाताची गिरणी होती. धोतर, टोपी, शिक्षण चौथीपर्यंत. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. तशी त्यांनी बघितली. मोटार आली, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन माझ्या दारात हजर झाले.

"मास्तर, कंपनीनं ह्यात काय कबूल केलंय आन् काय न्हाई, तेवडं सांगा."

मी वाचून सांगितलं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि त्यांना जोडणारा शाफ्ट, यांत बनावटीचा दोष निघाला तर सहा महिने कंपनी फुकट बदलून देणार. टायर, बॅटरी, काचा त्यात नाहीत. क्लच आणि ब्रेकचे झिजणारे भागही नाहीत. ऑइल वेळेवर बदलायचं, जास्त वजन भरायचं नाही. मोटार भाड्याने चालवली किंवा दुसऱ्याच्या नावावर केली, तर गॅरंटी संपली.

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजी टॅक्सी केली तर बुडाली?"

"बुडाली."

"दुसऱ्याला दिली तर?"

"तरी बुडाली."

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग सहा म्हैनं मीच चालवतो."

तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात गॅरंटी शिरली ती शिरलीच. गिरणीचा पट्टा तुटला की "पट्टा गॅरंटीत न्हाई". बायकोचा गुडघा दुखला की "झिजणारा भाग हाय, कंपनी काय करणार?" एकदा भाचीला स्थळ आलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पोराच्या रंगाचं काय घिऊन बसलाय? आतलं इंजिन बघा." गाव हसायचं. ते हसत नसत.

पावसाळा सरल्यानंतरच्या एका रविवारी आम्ही घाट चढत होतो. एका अवघड चढावर खाडकन आवाज झाला, गिअरचा दांडा आपोआप सुटला आणि मोटार मागे घसरू लागली. बाबुरावांनी ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला. चाकांना दगड लावले. मग ते रस्त्याच्या कठड्यापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी जवळ गेलो.

"इष्णूची गाडी हितंच मागं गेलती," ते म्हणाले.

विष्णू त्यांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा बाबुरावांनीच त्याला वाढवलेला. त्याला गिरणीत बसायचं नव्हतं, ड्रायव्हर व्हायचं होतं. एकदा त्यावरून बाबुरावांनी हमालांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. तो त्याच दिवशी घर सोडून गेला आणि लोणावळ्याला कुणाची तरी जुनी टॅक्सी चालवू लागला. या घाटात तिचा गिअर सुटला. उतारू वाचले, विष्णूचा पाय कायमचा अधू झाला, तरी त्याने टॅक्सी सोडली नाही.

"दवाखान्यात गेलतो. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. म्या केळी ठिवली आन् आलो." वळून म्हणाले, "मग त्याच्यासाठी मोटारीला नंबर लावला."

"मग आल्या आल्या त्यालाच का नाही दिलीत?"

"गाडीत काय खोट आसंल ती माज्याकडं आसताना भायेर पडू द्या, मास्तर. त्याच्याकडं गेल्यावं कोन भरून देनार?"

पुण्याच्या वर्कशॉपमधले साहेब म्हणाले, गिअर नीट टाकला नसेल, चालवणाऱ्याची चूक आहे. बाबुरावांनी आवाज चढवला नाही. "आसंल माजी चूक. तुमी चला घाटात, तुमी चालवा." साहेब आले. त्याच चढावर त्यांच्याही हातून गिअर सुटला. कंपनीने गिअरबॉक्स नवा बसवून दिला. त्यानंतरही मुदत संपेपर्यंत बाबुरावांनी घाटाचा एकही रविवार चुकवला नाही.

मुदत संपली, तेव्हा ते मला घेऊन लोणावळा स्टेशनबाहेर गेले. विष्णू टॅक्सीची काच पुसत होता. बाबुरावांनी किल्ली पुढे केली. त्याने हात पुढे केला नाही.

"इंजिन बघ, गिअर बघ," बाबुराव म्हणाले. "न्हाई पटलं तर ऱ्हाऊ दे."

विष्णू लंगडत आला. त्याने किल्ली घेतली, इंजिन चालू केलं, बॉनेट उघडून ऐकलं. आत बसून एकेक गिअर टाकून पाहिला.

"आवाज चांगला हाय," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघून.

बाबुराव मान हलवून एसटी स्टँडकडे चालू लागले. आम्ही थोडं अंतर गेलो असू, तोच मागून मोटार येऊन थांबली.

"मास्तर, बसा. कामशेतला सोडतो."

आम्ही दोघंही मागे बसलो. वलवण गेलं. कार्ला फाट्यापाशी विष्णूने मोटार कडेला घेऊन थांबवली. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. त्याने मागे न बघता हात लांब करून पुढचं दार उघडलं.

"दादा, फुडं बस."

बाबुराव उतरले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि भावाशेजारी जाऊन बसले. कामशेत दिसू लागेपर्यंत दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"वैनी हाय का घरी?" विष्णूने विचारलं.

"हाय," बाबुराव म्हणाले. त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही.

विष्णूने मोटार हमरस्त्यावरून घराकडे वळवली.