तावड्यांनी न घातलेला हार

खंडेनवमीला मुलुंडच्या आमच्या कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांना झेंडूचा हार मिळायचा. कॉम्प्युटरला मिळायचा नाही, कारण हार घालायचं काम तावड्यांकडे होतं.

तावडे स्टोअरचे कारकून. मूळचे मालवणकडचे, इथे एका खोलीत एकटेच राहायचे. पंचाऐंशीच्या सुमारास कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासाठी थंडगार केबिन बांधली. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. आम्ही मुकाट्याने काढायचो. तावडे दारातूनच ओरडायचे, "ह्यो उद्या कोणाचा ऐकूचो नाय!"

संध्याकाळी घरी जाताना ते ऑपरेटरला हटकून विचारायचे, "बंद केलंस? बघ, खरोच बंद झालो काय?" तो बिचारा कंटाळून मेन स्विच दाखवायचा. डब्याच्या वेळी मी तावड्यांची ही नक्कल करायचो आणि सगळे खो खो हसायचे.

मग कारखान्याने माणसं कमी करायची ठरवली. वयाने सगळ्यांत मोठे आठ जण घरी जाणार होते. यादी कॉम्प्युटरने छापली. आठवं नाव तावड्यांचं. तावडे तर माझ्याहून चार वर्षांनी लहान! यंत्रात जन्मसालच चुकलं होतं. मी तावातावाने साहेबांकडे गेलो.

"माझ्या हातात काही नाही हो," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटरने काढलंय. तावड्यांनी अर्ज दिला तर वर पाठवतो. पण मग आठवं नाव तुमचं येईल ना!"

मी खाली मान घालून जागेवर येऊन बसलो. तावड्यांना यातलं काही सांगितलं नाही. लाज वाटली, पण नाही सांगितलं.

इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या नावाने शंख करणाऱ्या तावड्यांनी नोकरी सोडल्याच्या कागदावर गुपचूप सही केली. शेवटच्या दिवशी गेटवर मी उगाच विचारलं, "तावड्या, अर्ज का नाही केलास रे?"

"माजा जन्मसाल माका म्हायत आसा, दादा," ते म्हणाले. "माज्या खालचा नाव कोणाचा, ताय म्हायत आसा. तुमच्या धाकट्या चेडवाचा लगीन जावचा आसा. माका कोण आसा?"

माझ्या मुलीच्या लग्नाचं ऐकून मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या खंडेनवमीला हार घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिला हार कॉम्प्युटरला, असा साहेबांचा हुकूम होता. मी चपला बाहेर काढल्या, आत गेलो आणि घातला.