इंगळे मॅडमच्या पोरिन

आमच्या अकोल्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या इंगळे मॅडम प्रत्येक लग्नात बूड नसलेली टोपली आहेर देतात. जुन्या शहरातल्या बुरडाकडून खास विणून घेतात. नवरीची आई टोपली उलटीसुलटी करून बूड शोधू लागली की मॅडम म्हणतात, "बूड नसतेच त्याले. पोरिन हाय ते."

पोरिन म्हणजे काय, हे मराठी शिकवणाऱ्या मलाही पाठ आहे, कारण स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. काही जिवाणूंना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं. त्यात प्रथिनांच्या पट्ट्या गोल विणून केलेल्या नळ्या असतात. त्या पोरिन. बारीकसारीक अन्न त्यातून आत जातं, मोठं ते बाहेर राहतं. "आपल्या केबिनले अशी एक बसवा सर," त्या खुद्द प्रिन्सिपॉलना म्हणाल्या, "चुगलखोर तरी बाहेर राह्यतील."

एकदा त्यांनी परिसंवाद ठेवला. बॅनरवाल्याने 'पोरिनचे कार्य' ऐवजी 'पोरींचे कार्य' छापलं. पाहुणे होते एक पुढारी. ते बॅनर वाचून लेकी दोन घरं कशा उजळतात यावर तासभर बोलले. प्रिन्सिपॉल डोळे पुसायला लागले. मग मॅडम उठल्या. "साहेब बराबर बोलले. पोरीयनं घर चालते, पोरिननं जंतू चालते." पहिली टाळी पुढाऱ्यांचीच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या आईला लघवीचा संसर्ग झाला. अमरावतीला तिच्या घराजवळच्या दवाखान्यात ठेवलं, पण औषध लागू पडेना. मॅडम एसटीने येऊन हजर. आता आईच्या उशाशी व्याख्यान, म्हणून मी धास्तावले.

बाहेर व्हरांड्यातच मी विचारलं, "औषध काहून लागू पडून नाही राहिलं?"

"औषधबी पोरिनमधूनच आत जाते. जंतूनं त्या कमी केल्या असतीन. डॉक्टर दुसरं औषध देऊन राहिले ना? मंग भिऊ नको."

एवढंच. आत जाऊन त्यांनी आईच्या केसांतला गुंता सोडवायला घेतला. दुसऱ्या औषधाने ताप उतरला, तरी मॅडम रजा वाढवून रोज येत राहिल्या.

आईने विचारलं, "बाई, घरी तुही वाट कोनी नाही पाहत?"

"आई पाहे. आई गेल्यापासून कोनाची वेणीच नाही घातली, काकू."

आईची वेणी चांगली घट्ट बसली होती. "सैल झाली जराशी," म्हणत मॅडमनी ती सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.