हरलेल्या हैबतरावांस परत आणिल्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो. लिहिणाराची मति ठिकाणावर नाही, तीही त्यानेच ठिकाणी आणावी. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरी, माघमासी या राज्यात जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. तपभर लढाई चालली, गावेच्या गावे ओस पडली, मग दारूगोळा सरला आणि माणसेही सरत आली, तेव्हा तह जाहला आणि तहात कलम पडले की गादीचा निवाडा दर पाच वर्षांनी रयतेने करावा. आम्ही पिढीजाद बखरनवीस. असले काही बापजन्मी ऐकिले नव्हते. मग साह्यास दूरदेशीचे पंच निळ्या टोप्या घालून आले आणि त्यांची मुख्य एल्साबाई, आमची भाषा तुटक बोले, तिणे गावोगावी पेट्या ठेवविल्या आणि रयतेच्या बोटांस शाई लावविली. आम्ही पुसिले, "बाई, रणांगण कोठे नेमिले?" ती म्हणाली, "ही पेटीच." अहो, पेटी ती हातभर! तीत तोफ कोठे मावते? परंतु वाद कोण घालतो, लिहून ठेविले.

उभे राहिले ते दोघे, जे तपभर लढले तेच: मैदानपट्टीचे रायाजीराव आणि डोंगरपट्टीचे हैबतराव. मोजणी जाहली आणि रायाजीराव जिंकले, आणि गुलाल उधळला, आणि तो गलबला हैबतरावांचे कानी गेला. मग त्यांनी तेच केले जे या राज्यात हरलेला सदैव करीत आला: भरल्या ताटावरून उठले, कुटुंबास मोटारीत घातले आणि नदीच्या उताराकडे, जेथून पाणी ओलांडता येते, निघाले. त्यांचे लोक पुरलेल्या बंदुका उकरू लागले. कारण येथे हरला तो मेला, हे पोरासोरांस ठाऊक.

एल्साबाई धावत आली. "हैबतराव कुठे? दरबारात त्यांची जागा आहे!"

रायाजीराव म्हणाले, "हरलेल्यास जागा? ती कशास?"

"समोर बसून तुमच्या चुका दाखवायला."

"म्हणजे जिंकायचे मी, आणि रोज बोलणीही खायची मीच?"

"होय."

राव डोके धरून बसले. आम्हीही धरिले. तोच त्यांचे सरदार म्हणाले, "राव, हुकूम द्या, उतारावरच गाठून संपवितो." रायाजीरावांचे दोन्ही पुत्र या लढाईत गेले होते. ते म्हणाले, "पुरे झाले बाबांनो, आता माझ्याने होत नाही," आणि कमरेचे पिस्तूल चौथऱ्यावर ठेवून तैसेच निघाले. संगे एल्साबाई आणि हा बखरनवीस.

उतारावर हैबतरावांनी बंदूक रोखिली. "पुढे याल तर बार काढीन!"

"काढा. पण आधी ऐका. दरबारात तुमचे आसन माझ्यासमोर मांडिले आहे."

"मान उडवायला?"

"भांडायला हो!"

हैबतरावांनी एल्साबाईकडे पाहिले, तिणे मान डोलाविली. मग आम्हाकडे पाहिले. आम्ही काय सांगणार कपाळ! तोच मोटारीतून त्यांचे कुटुंब सगुणाबाई उतरल्या, पोर कडेवर, आणि थेट रायाजीरावांस म्हणाल्या, "पाच वर्षांनी पेटी पुन्हा येणार म्हणता. तेव्हा तुम्ही हरलात तर, भावजी?"

हे रावांच्या ध्यानीच आले नव्हते. बाईंनी नजर काही हलविली नाही.

"भीती वाटेल," राव बोलले. "बहुतेक पळेनही."

"मग?"

"मग हैबतरावांनी मला न्यायला यावे. असेच, रिकाम्या हातांनी."

सगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. हैबतरावांनी बंदुकीतील गोळ्या काढून बाईंच्या पदरात टाकिल्या आणि म्हणाले, "येईन. पण बोलणी आजपासूनच सुरू. गुलाल उधळता, आणि या उतारावर पूल कोण बांधणार, तुमचा आजा?" आणि भांडतच दोघे परतले, आणि डोंगरपट्टीच्या लोकांनी बंदुका होत्या तेथे पुन्हा पुरल्या.

एवंच, जय कोणाचा जाहला हे आम्हांस अद्याप उमगले नाही. हरलेल्याची हकीकत "कामास आले", म्हणजे रणी पडले, या शब्दांवर संपवावी, हा आमच्या घराण्याचा शिरस्ता. त्याप्रमाणे हैबतरावांच्या नावापुढे ते शब्द लिहिले. तोच दरबारातून त्यांचाच आवाज आला, पूल कधी बांधता म्हणून ओरडत होते. सबब शब्द खोडिले.