जोडी कशानं जुळते

सुंदरराव मामांना कोणी नुसतं "बरं आहे ना?" विचारलं, तरी उत्तर अतिसंवाहकतेवर जातं. काही पदार्थ पुरेसे थंड केले की वीज त्यांतून विनाअडथळा वाहते आणि ती वाहून नेणारे कण जोडीनं चालतात, हे कुंभकोणमच्या न्हाव्यालाही पाठ आहे. बिचाऱ्याचा वस्तरा तोवर हवेत.

मामा तंजावरी मराठी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी बँकेच्या बदलीवर आलेला त्यांचा भाडेकरू.

"एकमेकांस ढकलणारे कण, तरी जोडी होते. सरि, बरें, कशानें होते, सांग."

"प्रेमानं," मी म्हणालो. आठवडाभर मला कापी, म्हणजे मामांकडची कॉफी, मिळाली नाही.

तांब्याच्या काही ऑक्साइडांत ही जोडी त्या मानानं बऱ्याच उबेतही टिकते. का, ते अजून जगात कुणाला नक्की उमगलेलं नाही. मामा म्हणतात, चुंबकीय ओढाताण. त्यांचे कॉलेजातले सोबती रामस्वामी म्हणत, अणूंची थरथर. एवढ्यावरून दोघांचं बोलणं तुटलं. मात्र रोज सकाळी महामहम् कुंडाला दोघं एकाच वेळी फेऱ्या घालत, एक या काठानं, दुसरा बरोबर समोरच्या. हा थांबला की तिकडे तो चपलेतला खडा काढायला वाके.

मला समेटाची हुक्की आली. एकमेकांचा पत्ता लागू न देता दोघांना मी कॉफीला एका टेबलाशी बसवलं. पाचव्या मिनिटाला रामस्वामी उठले. तमिळमध्ये म्हणाले, "राव, तुमचं चुंबक उगाळून प्या." दुसऱ्या दिवसापासून ते कुंडावर यायचेच बंद झाले.

मामा चार दिवस जाऊन पायरीवर बसून आले. मग तेही जाईनात. न्हाव्याकडे मामांची दाढी हल्ली दहा मिनिटांत उरकते. मला मात्र कापी वेळेवर मिळू लागली, आणि ती कपातच निवू लागली.

परवा सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"त्याचे घरीं जा. म्हण, सुंदरराव सांगतो, थरथरच असेल."

"तुम्हांला पटलं?"

"मुळींच नाहीं."

"मग?"

मामांनी उपरण्याची घडी घातली. "जगांत कोणास ठाऊक नाहीं, तें मी एकट्यानें बरोबर धरून काय करूं रे? तो चालावयास तरी येईल."

मी चपला घातल्या. मागून हाक आली.

"त्याचा गुडघा दुखतो. मी हळू चालेन, म्हणावें."