करकोचे सरांचं एकसष्टावं साल

एका जंगलात विद्यापीठ होतं. दचकू नका रे, जंगलात पण असतं. विद्यापीठ म्हटलं की नाट्यगृह आलंच. तसं तिथंही होतं, उंबराखाली.

तिथली एक रीत होती. नाटकाआधी नाट्यगृहाचा इतिहास वाचायचा. तो संपला की मगच तिसरी घंटा, आणि मग नाटक.

पहिल्या वर्षी इतिहास एवढाच होता, "कालच बांधलं. बसून घ्या." लगेच घंटा. मज्जा.

पण दर वर्षी एक साल वाढायचं. गाळायचं काही नाही. कारण ज्याचं गाळाल त्याचा नातू पहिल्या रांगेत बसलेला. इतिहासाचे प्राध्यापक करकोचे सर वाचायचे, "साल सातवं. पडद्याला उंदीर लागले." की उंदीर टाळ्या वाजवायचे. "आमचे आजोबा ते!"

दुपारी चारला वाचायला बसायचे. सूर्य मावळला की तिथं वटवाघळांचे वर्ग भरायचे. मागची दोन वर्षं इतिहास संपायच्या आतच वटवाघळं पाट्या घेऊन हजर. नाटक राहिलं ते राहिलंच.

यंदा कुलसचिव गेंडेसाहेबांनी नोटीस लावली. आजही नाटक झालं नाही, तर उद्यापासून तिथं जुन्या उत्तरपत्रिका ठेवणार.

सगळ्यात जास्त धसका घेतला साळू साळुंकीनं. तीन वर्षं एकाच नाटकाची तालीम करत होती बिचारी. मुलीचं काम मिळालेलं, आता आईचं करायच्या वयाला आली.

तर सर वाचतायत. साल पन्नासावं. ऊन उतरलं. अर्धे लोक पेंगले. साळू घंटेपाशी गेली. घंटा बापू मुंगसाकडे असायची.

"बापूकाका, वाजवा ना तिसरी."

"इतिहास संपू दे."

"तोवर अंधार पडेल."

"माझ्या पणज्यानं आधी वाजवली नाही, मी वाजवू होय?"

तेवढ्यात सर पाणी प्यायला थांबले. साळू उडत त्यांच्यापाशी.

"सर, घसा बसला तुमचा. थोडं मी वाचते. मी शेवटून सुरू करते, तुम्ही इकडून या. मधे कुठंतरी गाठ पडेल."

सरांना हिशोब पटला. प्राध्यापक ना ते. म्हणाले, "वाच. पण एकसष्टाव्या सालातलं काही गाळायचं नाही."

"एक शब्द गाळत नाही सर."

साळू रंगमंचाच्या मधोमध उभी राहिली. "साल एकसष्टावं. यंदा इथं नाटक झालं. त्यात आधी मुलगी येते आणि म्हणते, आई, मी घर सोडून चालले."

आणि मागून आई आली की राव. मग बाप आला. मग ते भांडण. पेंगलेले उठून बसले. उंदीर हमसून रडले, आजोबांचं नाव नसताना. सूर्य मावळला, वटवाघळं आली, ती पण छताला लटकून बघत राहिली. वर्ग बुडला. वर्ग बुडल्याचं दुःख कुणाला असतं, सांगा बरं.

शेवटी गेंडेसाहेब दारात. "बापू, नाटक झालं का?"

बापू पडला खरा माणूस. म्हंजे मुंगूस. "तिसरी घंटा वाजली नाही साहेब. नाही झालं."

"मग आणा रे उत्तरपत्रिका."

साळूचे पंखच गळाले. तेवढ्यात करकोचे सर एका पायावर उठून उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "हळू बोला साहेब. इतिहासाचं वाचन चालू आहे."

"अजून?"

"एकसष्टावं साल आत्ता संपलं. मधली दहा राहिलीत."

गेंडेसाहेबांना घाम फुटला. त्यांनी सालं बोटांवर मोजली. "मलाही ऐकायला बसवतील बहुतेक," असं मनाशी पुटपुटले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. मी उत्तरपत्रिकांचं बघतो दुसरीकडे." आणि पळाले.

सर चष्मा लावून साळूकडे वळले.

"साळू, एक्कावन्नाव्या सालात काय झालं होतं गं?"

"नक्की आठवत नाही सर. पण काहीतरी विनोदी झालं असणार. तालमीला दोन आठवडे द्या."

तात्पर्य : नाटक करू नका, असं मोठी माणसं सांगतात, ते ऐकावं. करायचंच झालं तर त्याला इतिहास म्हणावं. मग कुणी अडवत नाही, आणि खरं-खोटं विचारायला थांबतही नाही.