दाजींचं सालीट

दाजी पेडणेकर रोज सकाळी सात डब्यांसमोर उकिडवे बसून इंग्रजीत बोलायचे. "गूड मॉर्निंग. ड्रिंक वॉटर. स्लोली, स्लोली."

लालबागच्या आमच्या चाळीत मी नवीन होते, म्युनिसिपल शाळेत शिकवत होते आणि दाजींची खोली माझ्या शेजारी. पहिल्या दिवशी वाटलं, कुणी बडा पाहुणा आलाय. गॅलरीत डोकावले तर तुपाच्या जुन्या डब्यांत नखाएवढी पोपटी पानं.

"ह्यां सालीट," दाजी म्हणाले. "सायबांची भाजी. तेका मराठी समाजना नाय."

सालीट म्हणजे लेट्यूस, साहेब लोक कच्चाच खातात तो पाला. दाजी गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते. दिवसभर डोळ्यांसमोर कापसाचं पांढरं तूस. एकदा कसलासा निरोप घेऊन मॅनेजरच्या बंगल्यावर गेले आणि तिथल्या वाफ्यात त्यांनी हे पाहिलं. "इतक्यां हिरवां जल्मात बघूक नाय, बाय," असं ते मला सांगत, देवदर्शन सांगावं तसं.

थंडी आली की त्यांचा सोहळा सुरू होई. मुंबईच्या थंडीतल्या उकाड्यातही हे बी रुजत नाही. म्हणून दाजी ते ओल्या फडक्यात बांधून पुरचुंडी गार माठाला टेकवून ठेवत. चौथ्या दिवशी फडकं उलगडताना मला बोलावत. तिळाच्या निम्म्याएवढ्या बियांना पांढरे कोंब फुटलेले असत आणि मी, शाळेत मुलांना बीजांकुर शिकवणारी बाई, तोंडात बोट घालून बघत राही. ओल्या काडीच्या टोकानं एकेक बी उचलून ते मातीवर ठेवत. वर माती नुसती भुरभुरवायची, कारण बियाला उजेड लागतो. मी म्हणे, "मूठभर टाका की एकदम." ते म्हणत, "घाय कित्याक?"

चाळीत कुणाला त्या पाल्याचं काय करायचं ते कळत नसे. पलीकडच्या खोलीतल्या कुसुमताईंनी एकदा तो लसूण घालून परतला. टोपभर पाल्याची वाटीभर गिळगिळीत भाजी झाली. दाजींनी ती मुकाट्यानं खाल्ली आणि दोन दिवस ताईंशी बोलले नाहीत.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. दाजी मोर्च्यात पुढे, घोषणांना त्यांचाच आवाज. चाळीतली पोरं चिडवायची, "दाजी, मराठी राज्य मागता आणि पाल्याशी इंग्रजी?"

"राज्य येऊंदे. मगे मराठीत बोलतलंय."

त्या जानेवारीत डबे नुसते ओसंडत होते आणि नेमकी संचारबंदी लागली. गॅलरीत डोकं काढायची बंदी. दाजी तांब्या घेऊन पोटावर सरपटत जात आणि पाणी घालून तसेच मागे येत. एका दुपारी चौकात अश्रुधुराचं नळकांडं पडलं. आम्ही दारं लावून घेतली. फटीतून पाहिलं तर दाजी आपली एकुलती एक घोंगडी भिजवून डब्यांवर अंथरत होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात सावकाश. असा माणूस मी पाहिला नव्हता.

संचारबंदी उठली त्या सकाळी त्यांनी बाहेरची मोठाली पानं खुडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली. मला भायखळ्याला मावशीकडे जायचं होतं. आम्ही बरोबर निघालो. रस्त्यात दगड, काचा. मला वाटलं, विकायला चाललेत.

भायखळ्याला ते एका बंद दुकानापुढे थांबले. पाटी काढून ठेवलेली. शेजारचा म्हणाला, "बियाणेवाला गुजराती शेट. बायकापोरांना गावी धाडलं. एकटाच वर आहे, कुणाला दार उघडत नाही."

दाजींनी खालून हाक मारली. घसा घोषणांनी बसलेला. "शेट, मी लालबागचो दाजी."

दाजी पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं वरची खिडकी बोटभर उघडली.

"दाजी, तू पण मोर्च्यामधी होता काय?"

मला वाटलं, आता तरी नाही म्हणतील.

"होतंय मी," दाजी म्हणाले. "उद्या आसलो तर उद्याय जातलंय. पण पयलो पालो तुमचो. दर वर्षाचो."

खिडकी मिटली. मी कुजबुजले, "चला दाजी." ते जागचे हलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "माझी बायको गावाक, पोरां गावाक. चाळीत सगळे हसतत. ह्या मुंबयत झाडाविषयी माझ्याशी बोलणारो ह्यो एकच माणूस आसा, बाय."

मी त्यांना तिथंच सोडून मावशीकडे गेले. दोन तासांनी परतले तेव्हा दुकानाची एक फळी निघाली होती. दाढी वाढलेला एक म्हातारा पायरीवर बसून पानामागून पान खात होता, मिठाशिवाय, आठ दिवसांचा उपाशी असल्यासारखा. दाजी त्याला पानाची करपलेली कड दाखवत होते.

"पाणी जास्त झाला," शेट म्हणत होता.

"नाय हो, ऊन."

"पाणी, पाणी."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी हळूच पुढे निघाले.